नाव, वय, धंदा, राहणार

माझ्या भाच्यानं कथालेखनाच्या एका कार्यशाळेतून आणलेला तक्ता मला दाखवला. वर ठळक अक्षरांत ‘पात्र-परिचय’, खाली चौकटीच चौकटी. पूर्ण नाव, जन्मतारीख, रास, उंची, आवडता रंग, आवडता पदार्थ, पहिलं प्रेम, लहानपणीची जखम, सर्वांत मोठी भीती, आजवर कुणाला न सांगितलेलं गुपित. सगळ्या चौकटी भरल्या की पात्र उभं राहतं आणि मगच कथेला हात घालायचा, अशी सूचना. भाचा मन लावून भरत होता. त्याचा नायक एसटीचा कंडक्टर. या कंडक्टरला अबोली रंग आवडतो, हे नक्की करण्यात त्याची सबंध संध्याकाळ गेली होती. कथेची एक ओळ अजून कागदावर नव्हती.

अशा कार्यशाळा आता गावोगावी भरतात. भरू देत. लिहायची हौस असलेली माणसं एकत्र बसतात, हे चांगलंच. माझा वाद आहे तो या तक्त्याशी. माहिती गोळा केली की माणूस हाती लागतो, ही समजूत मुळातच चुकीची आहे असं मी म्हणते. आणि हे मी समीक्षेची पुस्तकं वाचून म्हणत नाही, मला ते नोकरीनं शिकवलं.

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, शपथ घेतो, वकील विचारतात, तो उत्तर देतो, त्यातलं कागदावर काय घ्यायचं ते न्यायाधीश सांगतात आणि लघुलेखक टंकतो. प्रत्येक जबानीचा माथा ठरलेला: नाव, वय, धंदा, राहणार. भाच्याच्या तक्त्याची ही मूळ आवृत्ती. निवृत्त होईपर्यंत किती माणसांची नावं, वयं, धंदे आणि गावं टंकली याचा हिशेब नाही, आणि त्या माथ्यावरून आज एकही माणूस मला आठवत नाही. जी आठवतात ती कागदावर न आलेल्या गोष्टींवरून.

भालचंद्र नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर ‘कोसला’त (१९६३) शिरतो तो नेमका साक्षीदारासारखा, नाव आणि वय सांगत. पण वय सांगता सांगता मधेच ‘उदाहरणार्थ’ म्हणतो. आमच्या न्यायाधीशांनी तो शब्द मला टंकू दिला नसता. वयाला उदाहरण कसलं? पण हा पोरगा आपल्याला काहीही सरळ सांगणार नाही, हे त्या एका जादा शब्दानं तिथंच कळतं. त्याची रास आणि उंची सांगून ते कळलं नसतं.

जबानी कशी लिहितात ते थोडं सांगायला हवं, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. सत्र न्यायालयात साक्ष सहसा प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहीत नाहीत. प्रश्न गाळायचा आणि उत्तर प्रथमपुरुषी निवेदनात बसवायचं. न्यायाधीशांना गरज वाटली तर एखादा प्रश्न आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं घेता येतं, पण ते क्वचित. उलटतपासात तर गंमतच. वकील म्हणतात, ‘तुम्ही त्या दिवशी दारू प्यायला होता.’ साक्षीदार उसळतो, ‘माळ आहे माझ्या गळ्यात!’ कागदावर उतरतं: हे म्हणणे खरे नाही की, त्या दिवशी मी दारू प्यायलो होतो. माळ गेली, उसळणं गेलं. राहिली फक्त दारू, तीही नाकारलेली.

एकदा बांधावरच्या मारामारीत एक म्हातारी साक्षीला होती. सरकारी वकिलांनी विचारलं, ‘आजी, मारामारी चालली होती तेव्हा तुम्ही किती अंतरावर होता?’ ती म्हणाली, ‘माझ्या डोईवर शेणाची पाटी हुती, सायेब.’ त्यांनी पुन्हा विचारलं, ‘अहो, अंतर सांगा. किती लांब?’ ‘भरल्याली पाटी. वल्लं शेण.’ शेवटी पिंजऱ्यापासून दारापर्यंतच्या अंतरावर कशीबशी तडजोड झाली आणि मी टंकलं: घटनेच्या वेळी मी सुमारे वीस फूट अंतरावर होते. खटल्याला तेवढंच लागत होतं, त्यात कुणाचं काही चुकलं नाही. पण म्हातारीला अंतर सांगायचंच नव्हतं. आपण मधे का पडलो नाही, हे तिला सांगायचं होतं. तो प्रश्न तिला भर कोर्टात कुणीही विचारला नव्हता. ती तो घरून स्वतःच घेऊन आली होती.

जबानी पुरी झाली की साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पाटीचं लिवलं न्हाई व्हय?’

कथेतलं पात्र म्हणजे माझ्या लेखी ती पाटी. विचारलेल्या प्रश्नाला माणूस जे भलतंच उत्तर देतो, त्या भलत्यात तो सापडतो. ते गाळणं हे माझं काम होतं. कथाकाराचं काम नेमकं ते राखण्याचं. आणि आजकालच्या बऱ्याच कथा मला माझ्याच हातच्या जबान्यांसारख्या वाटतात. एकीनं विचारायचं, ‘तू नाराज आहेस का?’ दुसऱ्यानं सांगायचं, ‘हो, कारण तू मला कधी समजूनच घेतलं नाहीस.’ इतकं नेमकं, विचारलं तेवढ्यालाच पुरणारं उत्तर मी पिंजऱ्यातून फार थोड्या वेळा ऐकलं. ऐकलं तेव्हा साक्षीदार बहुधा पढवलेला निघाला. उलटतपासाला उभे राहणारे मुरलेले वकील पढवलेला साक्षीदार लगेच ओळखतात, आणि वाचकही ओळखतो. फक्त वाचकाला उलटतपास घेता येत नाही, म्हणून तो पुस्तक मिटतो.

पु. ल. देशपांड्यांचा अंतू बर्वा सगळ्यांना पाठ असतो, म्हणून त्याच्यावर जास्त लिहीत नाही. पण घरी वीज घेतली का, या साध्या चौकशीला तो काय म्हणतो ते आठवून बघा. पैसे नाहीत असं म्हणत नाही. उजेडात बघण्यासारखं काय आहे, असा उलटा सवाल टाकतो. आणि पुलं विलायतेला निघाल्यावर हाच माणूस कोहिनूर बघून यायला सांगतो. त्याच्या दारिद्र्याची यादी पुलंनी दिली असती तर आपण हळहळलो असतो आणि पान उलटलं असतं. रत्नागिरीच्या त्या आळीतला म्हातारा तिरकं बोलतो तो कुणी हळहळू नये म्हणून, आणि त्या खटपटीत तो पुरता उघडा पडतो.

माझ्या मते या कामातला आपला सर्वांत मोठा गुरू मात्र हरिभाऊ आपटे. १८९०मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. सव्विशीतला पुरुष एका ब्राह्मण विधवेच्या तोंडून तिची कर्मकहाणी सांगतो, तीही अशा काळात की त्या घरातल्या बाईला चारचौघांत तोंड उघडायची सोय नव्हती. हरिभाऊ सुधारकी वळणाचे होते. केशवपनाबद्दल त्यांना काय म्हणायचं होतं ते लपलेलं नाही. असला हेतू धरून लिहायला बसलेल्या लेखकाचं पात्र बहुतेक वेळा फिर्यादी होतं: तारीख, वार, जखमांची यादी. कादंबरीतली ही विधवा, यमू, तशी होत नाही. ती किती वेळ आपल्या लहानपणात, भावाच्या आठवणींत, घरातल्या मानापमानांत आणि बारीकसारीक कुरबुरींत घालवते! खटल्याशी संबंध नसलेलं बोलते, असं म्हणून कुठल्याही न्यायाधीशानं तिला अडवलं असतं. हरिभाऊ अडवत नाहीत. आठवड्याला अंक काढायचा, पानं भरायची, हाही भाग त्यात असेल. त्या पाल्हाळाला मी उगाच मुलामा देणार नाही. पण त्यामुळंच पुढं मुंबईत नवऱ्याबरोबर तिला जे थोडं मोकळं आयुष्य मिळतं ते आपल्याला तिच्याइतकंच अप्रुपाचं वाटतं. आणि त्यानंतर सासरकडच्या शंकरमामंजींसारखा माणूस तिच्या वाट्याला येतो, तेव्हा आपण अन्यायाबद्दल वाचत नसतो. ओळखीच्या एका बोलक्या मुलीचा आवाज बंद होताना ऐकत असतो. प्रथेविरुद्धचे त्या काळचे लेख आज अभ्यासकच उघडतात, यमू मात्र अजून वाचली जाते.

कायद्यालाही हे थोडंसं ठाऊक आहे बरं का. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २८० होतं. साक्ष देताना साक्षीदार कसा वागला याबद्दल महत्त्वाचं वाटेल ते न्यायाधीशानं नोंदवावं, असं त्यात म्हटलं होतं. २०२४मध्ये नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही ही तरतूद आहे. लिहिणाऱ्यांनी या नोंदींची भाषा बघावी. ‘उत्तर देण्यापूर्वी साक्षीदार बराच वेळ गप्प राहिला.’ ‘या प्रश्नानंतर साक्षीदाराने आरोपीकडे पाहिले.’ बस्स. ‘साक्षीदाराच्या मनात अपराधीपणाची भावना दाटून आली’ अशी नोंद होत नाही. न्यायाधीशाला पिंजऱ्यात दिसतं तेवढंच लिहिता येतं, मनातलं लिहिण्याचा अधिकार त्याला नाही. कथाकाराला तो आहे, आणि त्यानं त्याची फार उधळपट्टी चालवलेली आहे. दाटून येणं, तरळणं, कालवाकालव, काहूर. भाच्यानं पुढं लिहिलेल्या पहिल्या खर्ड्यात काहूर तीनदा माजलं होतं.

आता तक्त्यातल्या त्या ‘लहानपणीच्या जखमे’कडे येते, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे. आरोपी दोषी ठरला की शिक्षा सुनावण्याआधी त्याला विचारतात, शिक्षेबद्दल काही म्हणायचं आहे का? तेव्हा तो सांगतो: घरी म्हातारे आईवडील आहेत, मुलं लहान आहेत, पहिलाच गुन्हा आहे, दया करा. हे ऐकून घेणं न्यायाचं आहे आणि त्याची जागाही बरोबर आहे, सगळ्यात शेवटी. हल्लीच्या कादंबऱ्या आणि वेब-मालिका हे काम पहिल्या प्रकरणात उरकतात. माणसानं अजून काही केलेलं नसतं आणि लेखक त्याच्यासाठी दयेचा अर्ज घेऊन उभा. हा कठोर बोलतो कारण बाप दारू पिऊन मारायचा. ही कुणावर विश्वास ठेवत नाही कारण शाळेत असताना मैत्रिणीनं दगा दिला. कारण आणि कार्य यांचा असा चोख हिशेब लागला की आपल्याला त्या माणसाबद्दल काही वाटायला जागाच उरत नाही, सगळं आधीच वाटून झालेलं असतं. शिवाय ते खरंही नसतं. बापाचा मार खाल्लेले दोन सख्खे भाऊ मी एकाच खटल्यात पाहिले आहेत, एक आरोपी आणि दुसरा त्याच्याविरुद्ध साक्षीला आलेला.

श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मला आवडतो तो यासाठी. गाव ज्याला वाया गेलेला म्हणतं असा हा पोरगा. रावजी नावाच्या माणसाच्या बायकोवर, राधेवर त्याचा जीव जडतो आणि तो ते गावापासून लपवत नाही. पेंडसे बापूचं घर दाखवतात, बाप दाखवतात, पण त्याचं वकीलपत्र घेत नाहीत. ‘बघा, घर असं होतं म्हणून पोरगा असा निघाला’ हे वाक्य आपण म्हणायच्या तयारीत असतो आणि बापू असं काहीतरी करून बसतो की ते तोंडातच राहतं. कोकणातल्या एका खेड्यातला हा दांडगा पोरगा सत्तर वर्षांनंतरही धड कुणाच्या बाजूला बसवता येत नाही.

‘पण मावशी,’ भाचा म्हणाला, ‘लेखकाला स्वतःला तर सगळं माहीत हवं ना?’ हवं असेल. माझं म्हणणं एवढंच की माहिती आधी आणि माणूस मागून, हा क्रम उलटा आहे. त्याला मी विचारलं, तुझ्या कंडक्टरच्या गाडीत एका बाईनं बारा रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट पुढं केली तर तो काय म्हणेल? भाच्याला लगेच सुचलं: तो काहीच म्हणणार नाही. नोट तशीच तिच्या हातात ठेवून पुढच्या माणसाकडं वळेल, आणि ती उतरेपर्यंत गाडीतल्या सगळ्यांना मोठमोठ्यानं ‘सुट्टे काढून ठेवा’ म्हणत राहील. इतका वेळ रंग ठरवत बसलेल्या मुलाला कंडक्टर भेटला तो असा. त्या बाईनं मग काय केलं हे तो मला सांगत सुटला. थांबवावं लागलं.

भाषेबद्दल माझं मत जरा कडक आहे. जबानी प्रमाण मराठीत उतरते. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात. कागदावर त्या ‘आले’, ‘गेले’ होतात. वकिलांना आणि वरच्या न्यायालयाला अर्थ कळला पाहिजे, म्हणून ते ठीकच आहे. पण कथेत ही अडचण नसताना लेखक तेच करतो. घरातली सगळी माणसं, आजीपासून नातवापर्यंत, एकाच पुस्तकी मराठीत बोलतात आणि फक्त गडीमाणसांच्या तोंडी बोली येते. मालिकांमधलं ‘गावरान’ तर कुठल्याच गावाचं नसतं, ते चित्रीकरणाच्या जागेवरच पिकतं. उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) उघडा. शिंप्याच्या घरातली कौतिक वऱ्हाडीत बोलते. नवरा कामाला अंग देत नाही आणि संसार तिनं एकटीनं ओढलेला. तिचं बोलणं प्रमाण भाषेत करून बघा: अर्थ सगळा राहतो, कौतिक राहत नाही. तीच गत भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’ची. १९६५मध्ये ते पुस्तक आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. पण नाक्यावरच्या पोक्याला सभ्य मराठी शिकवली असती तर गदारोळही झाला नसता आणि पोक्याही झाला नसता.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे. एकाच लकबीवर उभी असलेली पात्रं लक्षात राहतात त्याचं काय? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा बनेश, ‘ट्टॉक’ करतो आणि पिढ्यांच्या लक्षात राहतो. त्याच्या मनाचा तळ कुणी शोधला? ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७मध्ये सपाट आणि गोलाईदार अशी पात्रांची वाटणी केली, आणि तेव्हापासून सपाट म्हणजे हलकं असं धरून चालणारे पुष्कळ झाले. फॉर्स्टर स्वतः तसं म्हणत नव्हते, सपाट पात्रांचे फायदेही त्यांनी सांगितले होते. आमच्याकडं एक वकील होते. अडचणीचं उत्तर आलं की हातातल्या कागदांच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या करायचे. दुसरं काही आठवावं असं त्यांच्यात नव्हतं. पण तो आवाज आला की समोरचा साक्षीदार सावध व्हायचा, न्यायाधीश वर बघायचे, अशिलाचा चेहरा उतरायचा. लकब आजूबाजूच्या माणसांना हलवत असेल तर ती पुरते. ‘ट्टॉक’ झालं की आता काहीतरी घडणार हे पोरांना कळतं. नुसती चिकटवलेली लकब, म्हणजे दर पानावर मिशीला पीळ देणारा पाटील, कुणालाच हलवत नाही.

आणि ज्याला आपलीच गोष्ट सांगायची आहे त्यानं? तिथं तर प्रश्न विचारणाराही आपणच, पढवणाराही आपणच. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (१९७८) यावर जी युक्ती काढली ती मला आजही थक्क करते. पुस्तक आत्मकथन आहे, कथा नव्हे. पण त्यांनी स्वतःचे दोन केले: शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार आणि गावकुसाबाहेरून आलेला दगडू. दगडू सांगतो, दया पवार ऐकतो. एकट्यानं लिहिलं असतं तर कुठं सावरून घेतलं असतं, कुठं झाकलं असतं. समोर ऐकणारा बसवला, तोही आतल्या सगळ्या गोष्टी माहीत असलेला, त्यामुळं सावरायची सोयच राहिली नाही. स्वतःची उलटतपासणी इतक्या सरळ मार्गानं घेतलेली मराठीत मी दुसरी वाचलेली नाही.

कार्यशाळा घेणाऱ्यांना माझी एक सूचना आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. मुलांना एक दिवस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात घेऊन जा. काही प्रकरणं बंद दाराआड चालतात, ती सोडली तर न्यायालय खुलं असतं. मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं. मोबाइल बंद ठेवायचा, कुजबुज करायची नाही, आणि एखाद्याचं दुःख ऐकून ते त्याच्या नावागावासकट कथेत घालायचं नाही, एवढी सभ्यता पाळायची. खटला कशाचा आहे, कोण जिंकेल, याच्या भानगडीत पडायचं नाही. एक प्रश्न ऐकायचा, त्याचं खरं आलेलं उत्तर ऐकायचं, आणि मग न्यायाधीश लघुलेखकाला काय सांगतात ते ऐकायचं. या दोहोंच्या मधे जे सांडतं ते वहीत टिपायचं. शक्यतो दुपारी जावं. सकाळचा बराच वेळ पुकारे आणि पुढच्या तारखा यांतच जातो.